स्वमग्न मुलांना हवा जाणता शिक्षक

शाळाप्रवेशाचे दिवस आले की काही घरांच्या वाट्याला एक वाक्य हमखास येते. “तुमचे मूल गुणी आहे, पण त्याच्यासाठी आमच्याकडे सोय नाही.” हे वाक्य बहुधा मोठ्या सौजन्याने उच्चारले जाते. चहा विचारला जातो, एखाद्या दुसऱ्या शाळेचे नाव सुचवले जाते आणि आई-वडील अर्ज तसाच हातात घेऊन बाहेर पडतात. दुसऱ्या शाळेतही तोच अनुभव येतो. अखेर मूल घरी बसते, किंवा थोडे मोठे झाल्यावर ‘निदान पेढीवर तरी रमेल’ म्हणून गल्ल्याशेजारी त्याला खुर्ची दिली जाते. पेढीवर बसण्यात उणेपणा नाही. पण त्याची शिकण्याची वर्षे निघून गेलेली असतात आणि ती परत येत नाहीत.

या वाक्यातील ‘सोय’ या शब्दाचा आपण कधी नीट विचार केला आहे काय? चाकाच्या खुर्चीवरील मुलासाठी सोय म्हणजे उतार आणि लिफ्ट. अंध मुलासाठी सोय म्हणजे ब्रेल लिपीतील पुस्तके. स्वमग्न मुलासाठी इमारतीत फारशी तोडफोड करावी लागत नाही, महागडी यंत्रेही लागत नाहीत. त्याला लागतो तो त्याचे वर्तन वाचू शकणारा आणि त्याला समजेल अशा रीतीने शिकवणारा शिक्षक. म्हणजे ‘आमच्याकडे सोय नाही’ याचा सरळ अर्थ ‘आमच्या शिक्षकांना हे कोणी शिकवलेले नाही’ एवढाच होतो. आणि जे शिकवलेले नाही, ते शिकवता येते. या लेखाचा विषय तोच आहे.

स्वमग्नता : दोष कोणाचाही नाही

१९४३ साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात काम करणारे बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचे वर्णन करणारा एक निबंध प्रसिद्ध केला. ही मुले माणसांपेक्षा वस्तूंमध्ये अधिक रमत, ऐकलेली वाक्ये जशीच्या तशी पुन्हा उच्चारत आणि रोजच्या क्रमात थोडाही बदल झाला तर अत्यंत अस्वस्थ होत. ‘ऑटिझम’ या अवस्थेचे आधुनिक वर्णन तेथून सुरू झाले. मराठीत आपण तिला ‘स्वमग्नता’ म्हणतो. हा शब्द रूढ असला तरी थोडा फसवा आहे. यांपैकी अनेक मुलांना मित्र हवे असतात, खेळात सामील व्हायचे असते. पण त्यासाठी काय बोलावे, कधी बोलावे, समोरच्याच्या चेहऱ्यावरचे भाव कसे ओळखावे, हे इतर मुलांना आपोआप उमगते तसे त्यांना उमगत नाही.

पुढील काही दशके या मुलांच्या आयांवर मोठा अन्याय झाला. आईच्या मायेत उणीव राहिली म्हणून मूल असे झाले, असे प्रतिष्ठित तज्ज्ञ म्हणत असत. स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी १९६४ साली पुस्तक लिहून या मताला आव्हान दिले. स्वमग्नता ही मेंदूच्या जडणघडणीशी आणि बऱ्याच अंशी आनुवंशिक घटकांशी निगडित आहे, संगोपनातील चुकांमुळे ती येत नाही, हे आज सर्वमान्य आहे. तरीही आपल्याकडे ‘सुनेने मुलाकडे लक्ष दिले नाही’, ‘हातात सारखा मोबाईल दिला’ असे उद्गार अजून ऐकू येतात. ते आता थांबले पाहिजेत.

जागतिक पातळीवरील अंदाज पाहिले तर साधारण शंभर ते सव्वाशे व्यक्तींमागे एक व्यक्ती स्वमग्न असते. हजार विद्यार्थ्यांच्या शाळेला हे प्रमाण लावले तर आठ-दहा मुले होतात. त्यांतील काहींना बोलताच येत नाही, तर काहींना रेल्वेचे वेळापत्रक तोंडपाठ असते. मुलींमधील स्वमग्नता पुष्कळदा लक्षातच येत नाही. ‘लाजाळू आहे’ म्हणून ती सोडून दिली जाते. तेव्हा ‘आमच्या शाळेत अशी मुले नाहीत’ असे एखादी शाळा म्हणत असेल, तर ती मुले ओळखली गेलेली नाहीत किंवा दारातूनच परत गेलेली आहेत, एवढेच समजावे.

वर्गात नेमके काय घडते?

समजा, दुसरीचा वर्ग आहे. पन्नास मुले, डोक्यावर खडखडणारा पंखा, बाहेर मैदानावर परिपाठाचा ध्वनिक्षेपक. एक मुलगा कानांवर हात ठेवून डोलतो आहे. बाई दोनदा हाक मारतात, तो बघत नाही. त्या जवळ जाऊन खांद्यावर हात ठेवतात, तसा तो किंचाळतो. प्रशिक्षण न मिळालेल्या शिक्षिकेला येथे हट्ट आणि उद्धटपणा दिसतो. प्रशिक्षित शिक्षिका वेगळे पाहते. हा आवाज त्याला सहन होत नाही. डोलणे हा स्वतःला शांत करण्याचा त्याचा मार्ग आहे. अचानक झालेला स्पर्श त्याला बोचला आहे. मग ती त्याची जागा पंख्याखालून आणि खिडकीजवळून हलवते, समोर येऊन नाव घेते आणि उत्तरासाठी आठ-दहा सेकंद शांत थांबते. मूल तेच, वर्ग तोच. शिक्षिकेला काय दिसते, यात फरक पडला.

भाषेचेही तसेच आहे. आपली मराठी वाक्प्रचारांनी भरलेली आहे आणि स्वमग्न मूल शब्दाचा सरळ अर्थ घेते. “जरा पाय मोकळे करून ये” म्हटले तर ते आपल्या पायांकडे पाहते. “जरा थांब” म्हटले तर ‘जरा’ म्हणजे किती, हे त्याला कळत नाही. “पुस्तक काढशील का?” या प्रश्नाला ते “हो” म्हणते आणि स्वस्थ बसते, कारण त्याला प्रश्न विचारला होता आणि त्याने उत्तर दिले. “पुस्तक काढ. पान बारा उघड.” असे छोटे, स्पष्ट आणि एका वेळी एकच सांगणारे वाक्य बोलण्याची सवय शिक्षकाला सरावानेच लागते.

याहून महत्त्वाचे शिक्षण वर्तनाचा अर्थ लावण्याचे आहे. समजा, एक मुलगी रोज गणिताच्या तासाला वही जमिनीवर फेकते. बाई रागावून तिला वर्गाबाहेर उभे करतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. प्रशिक्षणात शिक्षकाला तीन रकाने आखायला शिकवतात : आधी काय घडले, मुलाने काय केले, त्यानंतर काय झाले. आठवडाभर या नोंदी केल्या की चित्र स्पष्ट होते. पाढ्यांचा सामूहिक गजर सुरू झाला की मुलगी वही फेकते आणि तिला शांत व्हरांडा मिळतो. बाईंच्या मते ती शिक्षा होती. मुलीच्या दृष्टीने ती सुटका होती. वही फेकली की शांतता मिळते, हा धडा शाळेनेच तिला दिला. आता उपाय निराळा आहे. तिच्या बाकावर ‘मला थोडा वेळ शांतता हवी’ असे चित्र असलेले कार्ड ठेवायचे, ते उचलून दाखवायला तिला शिकवायचे आणि दाखवल्याबरोबर पाच मिनिटे व्हरांड्यात बसू द्यायचे. हळूहळू वही फेकण्याचे प्रयोजन उरत नाही.

ज्या मुलांना बोलता येत नाही, त्यांच्यासाठी चित्रांच्या देवाणघेवाणीची अशीच एक पद्धत १९८५ साली अमेरिकेत विकसित झाली. मूल हव्या असलेल्या वस्तूचे चित्र समोरच्याच्या हातात देते आणि ती वस्तू मिळवते. पाण्याचे चित्र देऊन पाणी मागता आले की तहानेपायी होणारी आदळआपट कमी होऊ लागते. चित्रांमुळे मुलाचे बोलणे मागे पडेल, ही भीती निराधार आहे. संवादाची गोडी लागली की काही मुलांचे शब्दही वाढतात.

चित्रांचे वेळापत्रक

शिक्षक-प्रशिक्षणाच्या इतिहासात एरिक शॉपलर या मानसशास्त्रज्ञाचे नाव आदराने घ्यावे लागते. १९६० च्या दशकात त्यांनी रॉबर्ट रायक्लर यांच्यासह अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात काम सुरू केले. आई-वडिलांना दोषी ठरवण्याच्या त्या काळात त्यांनी पालकांनाच सहशिक्षक केले. १९७२ साली त्या राज्याच्या विधिमंडळाने हा उपक्रम राज्यभर लागू केला. ‘टीच’ या नावाने तो आज जगभर ओळखला जातो.

त्यांचे मूळ निरीक्षण साधे होते. अनेक स्वमग्न मुले ऐकलेल्यापेक्षा पाहिलेले अधिक चांगले समजतात, आणि पुढे काय होणार हे ठाऊक असले की शांत राहतात. म्हणून दिवसाचा क्रम चित्रांनी भिंतीवर लावायचा : परिपाठ, मराठी, गणित, डबा, खेळ, घर. एक काम संपले की त्याचे चित्र काढून ठेवायचे. पूर्ण करायचे काम डावीकडील टोपलीत, झालेले उजवीकडील टोपलीत. वेळ किती उरला हे दिसावे म्हणून वाळूचे घड्याळ. सहलीमुळे किंवा पाहुण्यांमुळे क्रम बदलणार असेल तर तो आदल्या दिवशीच चित्रातून दाखवायचा. या सगळ्याला पुठ्ठा, कात्री, डिंक आणि शिक्षकाची चिकाटी पुरते. वर्गातील इतर मुलांनाही अशा सुस्पष्ट मांडणीचा लाभच होतो.

एक दिवसाचे शिबिर पुरत नाही

पुष्कळ शाळा याबाबत काहीच करत नाहीत, असे नाही. वर्षातून एकदा, बहुधा २ एप्रिल या जागतिक स्वमग्नता जागरूकता दिनाच्या आसपास, एखाद्या तज्ज्ञाचे व्याख्यान ठेवले जाते. पडद्यावर चित्रे दाखवली जातात, सहभागाची प्रमाणपत्रे वाटली जातात, छायाचित्र निघते. सोमवारी वर्ग भरतो, तेव्हा बाईंपुढे तेच मूल आणि तोच प्रश्न उभा असतो.

व्यापारी घराण्यांना हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. पेढीवर नवा माणूस घेतला की आपण त्याला एक भाषण देऊन गल्ला सोपवत नाही. तो आधी मालाची ओळख करून घेतो, जुन्या माणसाशेजारी बसून गिऱ्हाईक कसे हाताळायचे ते पाहतो, मग स्वतः करतो आणि चुकला तर संध्याकाळी त्याला समजावले जाते. शिक्षकही तसाच तयार होतो. अमेरिकन अभ्यासक ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी १९८० च्या दशकात शिक्षक-प्रशिक्षणाचा अभ्यास करून हेच दाखवले. नुसत्या व्याख्यानातले ज्ञान वर्गापर्यंत क्वचितच पोहोचते. प्रात्यक्षिक, सराव आणि नंतर वर्गात येऊन मार्गदर्शन करणारी व्यक्ती यांची जोड मिळाली, तरच ते तेथे टिकते. वर सांगितलेल्या ‘टीच’ उपक्रमाच्या सुप्रसिद्ध पाच दिवसांच्या प्रशिक्षणात शिकाऊ शिक्षकांपुढे प्रत्यक्ष स्वमग्न विद्यार्थी असतात, ते याचसाठी.

म्हणून एखाद्या शाळेला मनापासून काही करायचे असेल, तर आखणी अशी असावी. सुट्टीत सर्व शिक्षकांसाठी काही दिवसांचे मूलभूत प्रशिक्षण घ्यावे. त्यानंतर वर्षभर, पंधरा दिवसांतून एकदा, अनुभवी विशेष शिक्षकाने वर्गात मागे बसून निरीक्षण करावे आणि तास संपल्यावर वर्गशिक्षिकेशी अर्धा तास बोलावे. दोन उत्साही शिक्षकांना पुढील प्रमाणित अभ्यासक्रमासाठी पाठवावे, म्हणजे शाळेचे स्वतःचे माणूस तयार होईल. आणि प्रशिक्षणातून शाळेच्या मावशी, शिपाई व रिक्षावाले काका यांना वगळू नये. मधल्या सुट्टीत किंवा शौचालयाजवळ मूल गोंधळते, तेव्हा सर्वप्रथम तेच तेथे पोहोचतात.

कायदा आपल्या बाजूने आहे

१९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेख नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिची दखल घेतली आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ती एकवीस दिव्यांगत्वांच्या यादीत आली. या कायद्याच्या कलम १६ नुसार सरकारी निधी किंवा मान्यता असलेल्या शिक्षणसंस्थांनी दिव्यांग मुलांना भेदभाव न करता प्रवेश दिला पाहिजे आणि त्यांच्या गरजेनुसार वाजवी सोयी केल्या पाहिजेत. कलम १७ मध्ये शिक्षक व कर्मचारी यांच्या प्रशिक्षणाची जबाबदारी स्पष्ट केली आहे. तेव्हा ‘सोय नाही’ हे प्रवेश नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही.

२०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने रजनीश कुमार पांडे विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात विशेष शिक्षकांचे प्रमाण ठरवण्याचे निर्देश दिले. त्यानंतर ठरलेल्या निकषांनुसार प्राथमिक स्तरावर विशेष गरजा असलेल्या दहा विद्यार्थ्यांमागे एक आणि त्यापुढील स्तरांवर पंधरा विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असावा. भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेले विशेष शिक्षणाचे पदविका व पदवी अभ्यासक्रम देशात चालतात. दिल्लीत १९९१ साली एका स्वमग्न मुलाच्या आईने सुरू केलेली ‘अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम’ आणि मुंबईत २००१ पासून काम करणारी ‘उम्मीद’ यांसारख्या संस्था शिक्षक व पालकांना प्रशिक्षण देतात.

येथे एक सावधगिरीची सूचना करावीशी वाटते. विशेष शिक्षक नेमला म्हणजे वर्गशिक्षिका मोकळी झाली, असे होऊ नये. विशेष शिक्षक दिवसातून एखादा तास देईल. उरलेले पाच तास मूल वर्गशिक्षिकेपुढेच असते. सर्वसाधारण बी.एड.च्या दोन वर्षांत सर्वसमावेशक शाळेविषयी एक छोटा विषय असतो आणि त्यातही सर्व प्रकारच्या दिव्यांगत्वाची ओळख करून द्यावी लागते. त्यामुळे सामान्य शिक्षकाला दोष देऊन भागणार नाही. त्याला शिकवण्याची जबाबदारी संस्थेने घेतली पाहिजे.

घराने काय करावे?

शिक्षक कितीही जाणता असला तरी घराने दार बंद ठेवले तर त्याचा इलाज चालत नाही. आपल्या समाजात निदान लपवण्याकडे कल असतो. ‘मोठ्या मुलीचे लग्न व्हायचे आहे’, ‘घराण्याविषयी लोक काय म्हणतील’, अशी कारणे पुढे येतात. ती भीती खोटी नाही; पण तिची किंमत मूल मोजते. शाळेला माहिती न दिल्याने शिक्षिका दोन वर्षे त्याला हट्टी समजून शिक्षा करत राहते. प्रमाणपत्र न काढल्याने दहावीच्या परीक्षेत मिळू शकणारा वाढीव वेळ आणि लेखनिक यांसारख्या सवलतीही हुकतात.

पालकांनी वर्षाच्या आरंभीच एका कागदावर मुलाची ओळख लिहून द्यावी. त्याला काय आवडते, कशाची भीती वाटते, काय केल्याने तो शांत होतो, तहान-भूक तो कशी सांगतो, एवढे पुरे. शाळा आणि घर यांच्यामध्ये रोज फिरणारी एक वही ठेवावी. तिच्यात तक्रारींच्या बरोबरीने जमलेल्या गोष्टीही लिहाव्यात. शाळेतील चित्रांचे वेळापत्रक घरीही लावावे. एकत्र कुटुंबात आजोबांनी एक, काकूंनी दुसरे आणि आईने तिसरे सांगितले तर मूल गोंधळते. म्हणून घरातील सर्वांनी एकच पद्धत पाळावी. औषधाने किंवा कुठल्याशा खास उपायाने मूल ‘बरे’ करून देण्याची हमी देणाऱ्यांच्या नादी लागून पैसा व वेळ घालवू नये.

विश्वस्तांपुढील प्रश्न

हा अंक ज्या घरांत वाचला जातो, त्यांतील अनेक जण कुठल्या ना कुठल्या शिक्षणसंस्थेचे विश्वस्त, देणगीदार किंवा व्यवस्थापन समितीचे सदस्य आहेत. म्हणून हा विषय येथे मांडणे अगत्याचे वाटले. कुंभोजच्या जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९३५ साली साताऱ्यात ग्रामीण शिक्षक तयार करणारे प्रशिक्षण महाविद्यालय सुरू केले. खेड्यापाड्यांत शाळा काढायच्या तर त्या चालवणारी माणसे आधी घडवावी लागतात, ही त्यांची दृष्टी होती. इमारतीच्या कोनशिलेवर नाव कोरता येते, शिक्षकाच्या अंगी आलेल्या जाणतेपणावर कोरता येत नाही. कदाचित म्हणूनच प्रशिक्षणासाठी देणगी मागणारे आणि देणारे दोघेही थोडे असतात.

विश्वस्त मंडळाच्या येत्या बैठकीत चार प्रश्न विचारता येतील. गेल्या तीन वर्षांत आपण किती मुलांना ‘सोय नाही’ म्हणून परत पाठवले? आपल्या किती शिक्षकांनी स्वमग्नतेविषयी व्याख्यानापलीकडचे प्रशिक्षण घेतले आहे? शाळेत पूर्ण वेळ विशेष शिक्षक आहे काय? आणि वार्षिक अंदाजपत्रकात शिक्षक-प्रशिक्षणासाठी स्वतंत्र रक्कम आहे काय? एकाच संस्थेला खर्च पेलत नसेल तर एका शहरातील तीन-चार संस्था मिळून एक अनुभवी विशेष शिक्षक नेमू शकतात आणि आठवड्याचे दिवस वाटून घेऊ शकतात. दोन शिक्षकांच्या पदविकेचे शुल्क एखादे कुटुंब आपल्या वडीलधाऱ्यांच्या स्मरणार्थ देऊ शकते.

जूनमध्ये नवे वर्ग भरतील. त्याआधी उन्हाळ्याची सुट्टी आहे आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणाला तोच काळ सर्वांत सोयीचा असतो. बैठकीची तारीख ठरली असेल तर हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा. ठरली नसेल तर ती लवकर ठरवावी, ही सर्व विश्वस्तांना आणि पालकांना नम्र विनंती.